नळी कधी काढायची आणि पीएसए कधी करायचा

सावद्याजवळच्या एका गावातून आलेलं पत्र, थोडं आखडून:

"वडील, आम्ही त्यांना नाना म्हणतो, ६७ वर्षांचे आहेत. केळीची शेती, अजून रोज मळ्यात जातात. आठ वर्षांपासून शुगर आहे, मेटफॉर्मिन आणि डापाग्लिफ्लोझिन चालू आहे. दोन वर्षांपासून लघवीची धार बारीक झाली होती, रात्री चार-पाच वेळा उठायचे. विचारलं की 'वय झालं आता' म्हणायचे. संध्याकाळनंतर पाणी प्यायचंच बंद केलं होतं. परवाच्या थंडीत सर्दी झाली, मेडिकलवरून गोळ्या आणल्या, दोन दिवस घेतल्या आणि दुसऱ्या रात्री लघवी पूर्ण बंद. ओटीपोट दगडासारखं. पहाटे दवाखान्यात नळी घातली तेव्हा एकदम ९०० मि.ली. निघाली. दुसऱ्या दिवशी पीएसए (प्रोस्टेटची रक्ततपासणी) केला, तो १४.२ आला. सोनोग्राफीत 'प्रोस्टेटोमेगाली ग्रेड २, ६२ ग्रॅम' लिहिलंय. टॅम्सुलोसिन आणि ड्युटास्टेराइड एकत्र असलेली कॅप्सूल सुरू आहे. आज नळीला अकरा दिवस झाले. एक जण म्हणतो कॅन्सर आहे, सरळ मुंबईला टाटाला न्या. दुसरा म्हणतो लगेच ऑपरेशन करा. नाना म्हणतात, नळी काढा, मी काढा घेतो, ऑपरेशननं पुरुषपण जातं. १९८८ साली त्यांची नसबंदी झाली होती, त्यामुळेच गाठ झाली असं आईला वाटतं. तीन आठवड्यांनी सुरतेला पुतणीचं लग्न आहे. न्यावं की नाही?"

भाऊ, तुम्ही पत्रात तीन आकडे दिलेत: ९००, १४.२ आणि ६२. तुमच्या घराची झोप १४.२ ने उडवलेली दिसते. आमची नजर मात्र पत्रात जो आकडा नाही त्यावर अडकली. नानांचं क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडं कशी चाललीत हे सांगणारी रक्ततपासणी, किती आहे? ते केलं नसेल तर उद्या सकाळी करा. पुढचं सगळं त्यावर ठरणार आहे.

कारण सांगतो. मळ्यातली मोटर चालू आहे आणि पुढचा व्हॉल्व्ह कुणी जवळजवळ बंद करून ठेवलाय असं समजा. पाणी थोडं थोडं जातं, पण दाब मागे साठत राहतो आणि शेवटी पाइपाचा सांधा सुटतो. प्रोस्टेट ही ग्रंथी मूत्राशयाच्या तोंडाशी, लघवीच्या नळीला कड्यासारखी वेढून असते. तरुणपणी ती साधारण २० ग्रॅमची असते. ती वाढून नळी दाबू लागली की मूत्राशयाला जास्त जोर लावावा लागतो. आधी त्याची भिंत जाड होते, मग ते थकतं आणि प्रत्येक वेळी थोडी लघवी आतच उरते. हे दोन-चार वर्षं चाललं की दाब वर मूत्रपिंडांपर्यंत पोहोचतो आणि दोन्ही मूत्रपिंडं फुगतात. दुखत काहीच नाही, म्हणून माणूस "वय झालं" म्हणत राहतो. निरोगी माणसाला ३०० ते ४०० मि.ली. ला जोराची लागते. नानांच्या मूत्राशयात ९०० मावली, म्हणजे ते बऱ्याच काळापासून ताणलं जात होतं अशी दाट शंका येते.

तेव्हा सोनोग्राफीचा कागद पुन्हा काढा आणि प्रोस्टेटची ओळ सोडून वर मूत्रपिंडांची ओळ वाचा. तिथे 'हायड्रोनेफ्रोसिस' किंवा 'पेल्व्हिकॅलिसियल सिस्टिम डायलेटेड' असं काही लिहिलं असेल तर मूत्रपिंडांवर दाब पोहोचलाय. मूत्राशयाच्या ओळीत भिंत जाड झाल्याचा किंवा आत खडा असल्याचा उल्लेख आहे का तेही पाहा. क्रिएटिनिनबरोबर पोटॅशियम, तीन महिन्यांच्या साखरेची एचबीए१सी आणि लघवीचं कल्चर, म्हणजे जंतूंची तपासणी, करून घ्या. कल्चरचा नमुना नळीवरच्या ठराविक जागेतून सुईने घ्यायचा असतो, पिशवीतून नाही. पिशवीत जंतू वाढतातच, तिथल्या रिपोर्टवर औषध दिलं तर ते फुकट जातं.

पोटॅशियमचं मुद्दाम लिहिलं, कारण तुमचं घर केळीवाल्यांचं. एका मध्यम केळात सुमारे ४०० मि.ग्रॅ. पोटॅशियम असतं. मूत्रपिंड ठीक असेल तर काहीच हरकत नाही. पण क्रिएटिनिन वाढलेलं असेल आणि नाना बागेत जाता-येता चार-सहा केळी खात असतील तर रक्तातलं पोटॅशियम चढून हृदयाचे ठोके बिघडू शकतात. रिपोर्ट येईपर्यंत केळी थांबवा, नारळपाणीही.

इथून दोन वाटा फुटतात. क्रिएटिनिन वाढलंय किंवा मूत्रपिंडं फुगलीत असं निघालं, तर नळी काढून बघण्याचा प्रयोग करायचा नाही. नळी तशीच ठेवायची, काही आठवडे मूत्रपिंडांना सावरू द्यायचं, क्रिएटिनिन उतरून एका जागी स्थिरावलं की प्रोस्टेटचं ऑपरेशन. अशा वेळी नळी काढून "बघू तर" म्हणणं म्हणजे दाब पुन्हा मूत्रपिंडांवर सोडणं. दोन्ही ठीक असतील तर मात्र नानांच्या मनासारखं एक पाऊल टाकता येतं, त्याबद्दल पुढे लिहितो.

आधी १४.२ चं बघू, कारण घरात भीती त्याची आहे.

पीएसए हे प्रोस्टेटमध्येच तयार होणारं प्रथिन आहे, कॅन्सरमध्ये तयार होणारं नव्हे. रोज ते वीर्यात जातं आणि थोडंसं रक्तात झिरपतं. ग्रंथीला धक्का बसला की जास्त झिरपतं. लघवी तुंबणं, नळी घालणं, जंतुसंसर्ग, ग्रंथीची सूज, यातलं प्रत्येक कारण आकडा कित्येक पटींनी वाढवू शकतं. नानांच्या बाबतीत लघवी तुंबली, नळी घातली आणि दुसऱ्याच दिवशी रक्त काढलं. त्या दिवशी पीएसए करायलाच नको होता. तो १४ आला त्याचं नवल नाही, ४ आला असता तर नवल होतं. म्हणून आजच्या आकड्यावर कुठलाही निर्णय घेऊ नका, मुंबईची गाडीही धरू नका. नळी घातल्यापासून किमान सहा आठवडे जाऊ द्या आणि संसर्ग असेल तर तो बरा झाल्यावर मग पुन्हा करा. तपासणीआधी दोन दिवस सायकल-मोटारसायकलवर लांबचा प्रवास नको, वीर्यपतन नको. प्रयोगशाळा शक्यतो तीच ठेवा, पद्धत बदलली की आकडा बदलतो.

यात एक खाच आहे आणि ती तुमच्या कॅप्सूलमध्ये आहे. ड्युटास्टेराइड ग्रंथी हळूहळू आखडवतं आणि सहा महिन्यांत पीएसए जवळजवळ निम्मा करतं. म्हणजे वर्षाने ३ आला तर तो ६ धरायचा. सहा आठवड्यांनी तो किती उतरलेला असेल याला नक्की हिशेब नाही. त्यामुळे आमचं मत असं की पीएसए पुन्हा होईपर्यंत नुसती टॅम्सुलोसिन ०.४ मि.ग्रॅ. ठेवता येईल का हे तुमच्या डॉक्टरांना विचारा. तिचा पीएसएवर परिणाम होत नाही आणि आत्ता नानांना उपयोग तिचाच आहे. ड्युटास्टेराइडचा गुण यायला तसेही तीन ते सहा महिने लागतात. चालूच ठेवायचं ठरलं तर पुढच्या प्रत्येक डॉक्टरला, प्रत्येक वेळी, कधीपासून चालू आहे ते सांगा. घरात कुणी गरोदर असेल तर फुटलेल्या, गळणाऱ्या कॅप्सूलला तिने हात लावू नये, मुलगा असेल तर त्याच्या वाढीला धोका असतो.

दुसऱ्यांदा केलेला आकडा ग्रंथीच्या आकाराशी ताडून बघायचा. नवा आकडा ५ आला असं धरा. ५ भागिले ६२, म्हणजे ०.०८. ही संख्या ०.१५ च्या खाली असेल तर एवढ्या मोठ्या ग्रंथीला एवढा पीएसए शोभतो, घाबरण्याचं कारण कमी. वर असेल तर आधी प्रोस्टेटची एमआरआय आणि तीत संशयाची जागा दिसली तर सुईने तुकडे काढून तपासणी, साधारण बारा तुकडे. ४ ते १० च्या दरम्यान पीएसए असलेल्या चार माणसांत कॅन्सर सुमारे एकालाच निघतो, हेही लक्षात असू द्या.

थांबायचं नाही अशी एक परिस्थिती आहे. बोटाने केलेली तपासणी नानांची झाली का? पत्रात उल्लेख नाही. गुदद्वारातून बोट घालून प्रोस्टेट चाचपायला अर्धं मिनिट लागतं. लाज वाटते म्हणून पेशंट टाळतो आणि गर्दी आहे म्हणून डॉक्टरही कधी कधी टाळतात. ग्रंथी नुसतीच वाढली असेल तर नाकाच्या शेंड्यासारखी गुळगुळीत, दाबली तर किंचित दबणारी लागते. एखादी जागा कपाळाच्या हाडासारखी कडक, ओबडधोबड लागली, किंवा नानांची कंबर-मणके रात्री आडवं पडल्यावरही ठणकत असतील, वजन उतरलं असेल, तर सहा आठवडे वाट पाहायची नाही, एमआरआय लगेच.

आणि त्या 'ग्रेड २' ने किती घरांत रडारड होते! सोनोग्राफीतला ग्रेड म्हणजे ग्रंथी किती फुगली याचा अंदाज, बाकी काही नाही. कॅन्सरची पायरी वेगळी असते आणि ती तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्याशिवाय कुणालाच सांगता येत नाही. ६२ ग्रॅम हाही नुसता आकार झाला. ३० ग्रॅमच्या ग्रंथीने लघवी बंद पडलेली माणसं असतात आणि १०० ग्रॅमची घेऊन सुखाने झोपणारीही. गाठ केवढी आहे यापेक्षा लघवी करून आल्यावर मूत्राशयात किती उरते, हे विचारायची सवय लावून घ्या.

आता नळी काढण्याचं. क्रिएटिनिन आणि मूत्रपिंडं ठीक असतील, ताप नसेल, शौचाला साफ होत असेल आणि टॅम्सुलोसिन निदान तीन दिवस पोटात गेलेली असेल, तर नळी काढून बघायला हरकत नाही. ही गोळी मूत्राशयाच्या तोंडाचे स्नायू सैल करते. तिच्यासह नळी काढली तर दहापैकी साधारण सहा जणांना लघवी सुटते, तिच्याशिवाय पाचालाही धड नाही. नानांची ग्रंथी ५० ग्रॅमच्या वर आहे आणि निघालेली लघवी लिटरच्या जवळ होती, म्हणून त्यांचं पारडं थोडं हलकं धरा. जमलं नाही तर निराश होऊ नका, एवढ्यासाठीच आधी सांगून ठेवतो.

नळी सकाळी सात-आठला काढायची आणि दवाखान्यातच काढायची, घरी नाही. आत टोकाशी १० मि.ली. पाण्याने फुगवलेला फुगा असतो. तो रिकामा न करता ओढली तर मूत्रमार्ग फाटतो. चिडून रात्री स्वतः नळी ओढणारी माणसं आहेत, म्हणून नानांना हे समजावून सांगा. काढल्यावर तासाला एक पेला पाणी, बस. लवकर व्हावी म्हणून दोन लिटर पाणी एका दमात पाजलं की मूत्राशय भसकन ताणलं जातं आणि होणारी लघवीही होत नाही. प्रत्येक वेळची लघवी मापाच्या भांड्यात मोजा, वेळ लिहा. दोन-तीन वेळा झाल्यावर सोनोग्राफीने उरलेली बघायची. दरवेळी १०० मि.ली. च्या वर होत असेल आणि २०० पेक्षा कमी उरत असेल तर नळीविना घरी जाता येतं. ३०० च्या वर उरत असेल, किंवा चार-सहा तास झालीच नाही आणि पोट तटतटलं, तर त्याच दिवशी नळी पुन्हा.

ही उरलेली लघवी मोजताना एक चूक हमखास होते. सोनोग्राफी सेंटरवर "अजून पाणी प्या, अजून भरू द्या" म्हणत पेशंटला तास-दीड तास बसवतात. मूत्राशय मर्यादेबाहेर भरलं की ठणठणीत माणसाचीही लघवी उरते. म्हणून नेहमीसारखी लागली की जाऊन यायचं, निवांतपणे, बाहेर कुणी दार वाजवत नसताना, आणि आल्यावर पाच-दहा मिनिटांत मोजायचं. जास्त निघाली तर पुन्हा एकदा जाऊन या आणि पुन्हा मोजा.

नळी आहे तोवर तिची निगा. पिशवी कायम मूत्राशयाच्या खाली राहिली पाहिजे. खाटेवर शेजारी ठेवली तर लघवी उलटी आत जाते, जमिनीला टेकवली तर जंतू चढतात, तेव्हा खाटेच्या कडेला टांगा. अर्ध्याच्या वर भरली की ओता, ओतण्याआधी आणि नंतर हात साबणाने धुवा. नळी मांडीला चिकटपट्टीने, थोडी सैल सोडून लावा. रोज दोनदा शिश्नाचं टोक साबण-पाण्याने धुवा. धुताना कातडी मागे घेतली तर ती आठवणीने पुन्हा पुढे आणा. मागेच राहिली तर काही तासांत टोक सुजून टरटरतं आणि पुन्हा दवाखाना. नळीच्या बाजूने अधूनमधून गळणं, मूत्राशयाला कळ येणं, लघवी गुलाबी दिसणं, हे चालतं. तीन-चार तास पिशवीत काहीच आलं नाही, तर आधी नळीला पीळ पडलाय का, अंगाखाली दबलीय का बघा. तसं नसेल आणि ओटीपोट दुखत असेल तर नळीत गुठळी अडकली असणार, दवाखान्यात जा. हुडहुडी भरून ताप आला तर सकाळची वाट पाहू नका, शुगरवाल्या माणसाचा संसर्ग रातोरात रक्तात उतरतो. साधी रबरी नळी दोन ते चार आठवड्यांत बदलावी लागते, सिलिकॉनची बारापर्यंत चालते. आणि नळी आहे म्हणून रोज अँटिबायोटिक खाऊ घालू नका. ताप-वेदना नसताना कल्चरमध्ये जंतू दिसले तरी औषध लागत नाही, उलट निगरगट्ट जंतू तयार होतात.

नाना पिशवी भरते म्हणून पाणी कमी पीत असतील, तर तेही मोडून काढा. पिशवीवर मापाच्या रेघा असतात, चोवीस तासांत दीड ते दोन लिटर लघवी जमली पाहिजे. आपल्याकडचा उन्हाळा समोर आहे, भुसावळ-जळगावला पारा ४५ ला टेकतो. त्यात पाणी तोडलं तर घट्ट लघवीत खडे होतात. नळी निघाल्यावरही दिवसाचा कोटा दिवसा पूर्ण करायचा. फक्त झोपायच्या आधीच्या दोन तासांतलं पाणी आणि संध्याकाळी सहानंतरचा चहा, एवढंच टाळायचं.

लघवी त्याच रात्री का बंद पडली हेही समजून घ्या, म्हणजे पुन्हा होणार नाही. सर्दीच्या बहुतेक गोळ्यांत दोन औषधं असतात. फिनाइलएफ्रिन नाक मोकळं करताना मूत्राशयाचं तोंड आवळतं आणि क्लोरफेनिरामिन मूत्राशयाचा जोर काढून घेतं. एक दार लावतं, दुसरं ढकलणाऱ्याचे हात बांधतं. पोट मुरडल्यावरची डायसायक्लोमिन, झोपेसाठीची अमिट्रिप्टिलिन याच जातीच्या. मेडिकलवर जाणारा घरातला जो कोणी असेल त्याने "प्रोस्टेट आहे" हे शब्द आधी सांगायचे. बद्धकोष्ठ, दारू, प्रवासात तासन् तास दाबून धरणं, ही बाकीची कारणं.

शुगरकडे वेगळं बघा. डापाग्लिफ्लोझिन साखर लघवीवाटे बाहेर काढतं, म्हणून लघवी वाढते आणि शिश्नाच्या टोकाला बुरशीची खाज येऊ शकते. गोळी स्वतः बंद करू नका, पण शुगरच्या डॉक्टरांना आताची हकीकत सांगा. ऑपरेशन ठरलं तर ती तीन दिवस आधी थांबवावी लागते. शिवाय आठ वर्षांच्या मधुमेहात मूत्राशयाच्या नसाच मंद झालेल्या असू शकतात. मग धार बारीक असण्याचं कारण अर्धं अडथळा आणि अर्धं थकलेलं मूत्राशय. अडथळा काढला तरी थकवा राहतोच. ही शंका असेल तर ऑपरेशनआधी मूत्राशयाचा दाब मोजणारी युरोडायनॅमिक तपासणी मागून घ्या, म्हणजे नंतर "पैसे गेले आणि गुण नाही" म्हणायची पाळी येत नाही.

ऑपरेशन कधी? मूत्रपिंडांवर परिणाम झालाय, नळी काढून जमलं नाही, पुन्हा तुंबली, मूत्राशयात खडा आहे, संसर्ग किंवा रक्त वारंवार येतं, यातलं एकही असेल तर टाळू नका. बरीच वर्षं चालत आलेलं ऑपरेशन म्हणजे टीयूआरपी. पोट कापत नाहीत. कमरेखाली भूल देऊन लघवीच्या वाटेने दुर्बीण घालतात आणि आतला अडथळा किसून काढतात, तासाभराचं काम. ६२ ग्रॅमला ते व्यवस्थित बसतं. ८० च्या पुढे लेझर सोयीचं. "लेझर म्हणजे काही कापाकापी नाही" असं कुणी सांगितलं तर लक्षात ठेवा, वाट तीच आणि काढायचं तेच, फक्त हत्यार वेगळं. नंतर दोन-तीन दिवस नळी, मग महिनाभर थोडी जळजळ आणि घाई. दहा ते चौदा दिवसांनी आतली खपली पडताना लघवीत अचानक रक्त दिसतं, विशेषतः कुंथल्यावर. पाणी वाढवून ते थांबतं, गुठळ्या यायला लागल्या तर मात्र दवाखाना गाठायचा. चार ते सहा आठवडे ट्रॅक्टर नाही, मोटारसायकल नाही, केळीचा घड खांद्यावर नाही. नाना शेवटचं ऐकणार नाहीत, त्यांच्यावर लक्ष ठेवा.

काढलेले तुकडे हिस्टोपॅथॉलॉजीला (सूक्ष्मदर्शकाखालच्या तपासणीला) पाठवायला सांगा आणि तो रिपोर्ट जपून ठेवा. ऑपरेशननंतरही ग्रंथीचं बाहेरचं कवच राहतं आणि कॅन्सर बहुतेक तिथेच होतो, म्हणून पीएसए पुढेही बघायचा. खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत मूत्रमार्गाच्या शस्त्रक्रिया येतात. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसलेला असतो, रेशनकार्ड आणि आधार घेऊन आधी त्याला भेटा. जळगावला आणि धुळ्याला शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं आहेत, मूत्ररोगतज्ज्ञ कोणत्या वारी असतात ते विचारून निघा.

नानांचा पुरुषपणाचा प्रश्न. ६७ व्या वर्षी आता काय, असं म्हणून तो उडवून लावू नका. ते ऑपरेशनला नाही म्हणतायत ते याच भीतीने. त्यांना खरं सांगा. ताठरता देणाऱ्या नसा ग्रंथीच्या बाहेरून जातात, टीयूआरपी आतून होतं, त्यामुळे आधी होती तेवढी ताठरता बहुतेकांची राहते. बदलतं ते वीर्य. दहापैकी सहा-सात जणांचं वीर्य बाहेर न येता मागे मूत्राशयात जातं आणि नंतर लघवीतून निघून जातं. सुख येतं, थेंब येत नाही. याने अपाय काहीच नाही, पण आधी माहीत नसेल तर माणूस खचतो. टॅम्सुलोसिननेही हे काहींना होतं. तुम्हाला बोलायला अवघड वाटत असेल तर डॉक्टरांना सांगा आणि तुम्ही खोलीबाहेर थांबा.

टॅम्सुलोसिनच्या गोळीबद्दल अजून थोडं. ती रोज एकाच जेवणानंतर घ्यायची, कॅप्सूल फोडायची नाही. पहिले काही दिवस उठताना चक्कर येते, म्हणून रात्री आधी खाटेवर मिनिटभर बसून मग उभं राहायचं. मोतीबिंदूचं ऑपरेशन कधी ठरलं तर डोळ्याच्या डॉक्टरांना या गोळीचं नाव सांगा, नंतर बंद केलेली असली तरी. तिच्यामुळे ऑपरेशन चालू असताना डोळ्याची बाहुली आखडते.

आईंना सांगा, नसबंदीचा यात दोष नाही. नसबंदीत बीज वाहून नेणारी बारीक नळी अंडकोशाच्या पिशवीजवळ बांधतात, प्रोस्टेटला कुणी हातही लावत नाही. प्रोस्टेट वाढतं ते वयाने आणि पुरुषी संप्रेरकाने. साठीच्या आसपास निम्म्या पुरुषांचं वाढलेलं असतं, त्यातल्या फार थोड्यांची नसबंदी झालेली असते. काढ्याचं म्हणाल तर गोखरूचा काढा असो की ओटीपोटावर बांधलेली पळसाची फुलं, तुंबलेल्या रात्री त्यात गेलेला प्रत्येक तास मूत्राशयाला महागात पडतो. एरवी नानांना काढा घ्यायचाच असेल तर क्रिएटिनिन कळल्यावर आणि डॉक्टरांना दाखवून. कशाचा आहे ते सांगता येत नाही अशा पुडीतलं चूर्ण मात्र नको.

राहता राहिलं लग्न. नळी असेल तर नानांना सुरतेला न्यायला काही अडचण नाही. मांडीला बांधायची लहान पिशवी मिळते, ती धोतर-पायजम्याच्या आत दिसत नाही. ती ५००-७५० मि.ली. ची असल्याने दोन-तीन तासांनी ओतावी लागते, रात्री झोपताना मोठी लावायची. एक जादा पिशवी, रिपोर्टांची फाइल आणि गोळ्या सामानात न टाकता नानांच्या हाताशी ठेवा. बसने नाही, रेल्वेने न्या, डब्यात संडास असतो आणि दाबून धरायची वेळ येत नाही. नळी काढून आठवडाही झाला नसेल तर मात्र थांबवा. पुन्हा तुंबायची भीती पहिल्या काही दिवसांतच जास्त असते, आणि ती वेळ नंदुरबार ते सुरतच्या मध्ये रात्री दोन वाजता यायला नको. नळी निघून दहा दिवस झालेत, लघवी मोजून नीट होतेय आणि उरलेली २०० च्या आत आहे, असं असेल तर खुशाल न्या. फक्त मांडवात कुणी सर्दीची गोळी पुढे केली तर ती नानांच्या हाती लागू देऊ नका.